बायोडिझेलसाठी बिनपावतीचे स्पिरिट घ्यावे का?

प्रश्न : नगर जिल्ह्यात हॉटेलांचे वापरलेले तेल गोळा करून स्वतःच्या ट्रॅक्टरसाठी बायोडिझेल करणार आहे. तेलाशी क्रिया घडवायला लागणाऱ्या मेथनॉलला (एक विषारी अल्कोहोल) कागदपत्रे लागतात. ओळखीचा एक जण त्याऐवजी २०० लिटर डिनेचर्ड स्पिरिट (पिण्यास अयोग्य केलेले इथेनॉल) पावतीविना देतो म्हणतो. घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मधील दारूच्या व्याख्येतच डिनेचर्ड स्पिरिट येते. त्यामुळे 'हे पिण्याचे नाही, इंधनासाठी आहे' हा बचाव टिकत नाही. परवान्याविना ते बाळगणे कलम ६५ खाली गुन्हा आहे. जवळ कसे आले याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा केल्याचेच गृहीत धरतात. पिंप आणणारा टेम्पोही अडकतो. औद्योगिक अल्कोहोल राज्याच्या अखत्यारीबाहेर आहे, हा जुना युक्तिवादही सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक मताने फेटाळला.

एवढी जोखीम घेऊन हाती काय येईल? तेलाच्या एका रेणूला अल्कोहोलचे सहा रेणू या प्रमाणात १०० लिटर तेलाला मेथनॉल साधारण २५ लिटर लागते, इथेनॉल ३६-३७ लिटर. स्पिरिटमध्ये पाच टक्के पाणी धरले तरी टाकीत पावणेदोन लिटरच्या वर पाणी जाते. वापरलेल्या तेलात आधीच मुक्त आम्ले असतात. क्रियेला चालना देणारा कॉस्टिक सोडा पडताच साबण होतो आणि ग्लिसरीन हा जोडपदार्थ वेगळा बसत नाही. शिवाय आयएस १५६०७ हे बी-१०० चे, म्हणजे शुद्ध बायोडिझेलचे, भारतीय मानक मिथाइल एस्टरचे, म्हणजे मेथनॉलपासून केलेल्या इंधनाचे आहे. इथेनॉलचे इंधन पुढे विकायचे म्हटले, तर मानकातच बसणार नाही.

तेव्हा मेथनॉलच घ्या, पण विष अधिनियम, १९१९ आणि महाराष्ट्र विष नियम, १९७२ पाळून. परवानाधारक विक्रेत्याकडून, वापराचे कारण लेखी देऊन, पक्क्या बिलावर. साठा कुलपात ठेवा. वहीत तारीख, खरेदी, प्रत्येक घाण्याला वापर आणि शिल्लक लिहा. २०१५ च्या मुंबईतील मालवणी दुर्घटनेत मेथनॉलयुक्त दारूने शंभरावर माणसे गेली. हिशेबात न बसणारे चार लिटरही तपासात महागात पडतात. उरलेले मेथनॉल उकळून परत मिळवणार असाल, तर तेही वहीत जमा दाखवा आणि ते उपकरण बसवण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाला लेखी कळवून पोच घ्या, कारण पाहणाऱ्याला ती हातभट्टीच वाटेल.

ग्लिसरीनच्या थरातही मेथनॉल असते, ते ओढ्यात किंवा गोठ्याजवळ ओतू नका. आणि शेजाऱ्याला एक कॅनही विकू नका. विक्री म्हटली की केंद्राची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि राज्याचे २०२१ चे बायोडिझेल धोरण लागू होते. त्यासाठी आधी नोंदणी लागेल.