काम चोख, तरी रेटिंग तीनच

"मी मान खाली घालून काम करतोय आणि पुढं जातंय ते साहेबाच्या मागं-पुढं करणारं." मार्च-एप्रिलात अप्रेजल झालं की हे वाक्य माझ्यासारख्या समुपदेशकाकडं येतंच, कधी बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीतून, कधी एखाद्या शाळेच्या स्टाफरूममधून, कधी चिकोडीकडच्या साखर कारखान्यातून. बोलणारा खोटं बोलत नसतो, काम तो खरंच करत असतो. पण काम आणि कामाचं मूल्यमापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोन्हीच्या मधे माणसाची वृत्ती कशी येऊन बसते हे सांगायला मला एक केस बरी वाटते. त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आपण त्यांना अण्णा म्हणूया. पंचेचाळीसच्या आसपासचे, यळ्ळूरकडं थोडी शेती, आणि खानापूर रोडला तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढं एका मशीन शॉपमध्ये सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) सेटर, म्हणजे जॉब लावून मशीन जुळवून देणारे. 14 वर्षं तिथंच. रात्री झोप लागत नाही, घरात कुणी काही बोललं की अंगावर धावून जातात, म्हणून बायकोनं मागं लागून पाठवलेलं. बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, मला काय झालेलं नाही ओ, कंपनीला झालंय." कारण काय तर यंदाही पाचपैकी तीन मिळालेत, आणि खानापूरकडचा एक पोरगा, जो यांच्याच हाताखाली मशीन शिकला, त्याला चार मिळून तो लाइन लीडर झालाय.

पहिली शंका त्यांनी दबक्या आवाजात सांगितली. "साहेब बैलहोंगलचे, कन्नड. आपण मराठी. समजा की तुम्ही." सीमाभागात ही शंका हवेतून येत नाही, 1956 पासून इथं जे काय चाललंय ते बघत माणसं मोठी झालीत, त्यामुळं "छे छे तसं काही नसतं" म्हणून मी ती उडवून लावत नाही, तशी उडवणारा समुपदेशक मला आवडतही नाही. पण शंका तपासता येते. मी विचारलं, चार मिळालेला पोरगा कोण? मराठीच. तीन मिळालेले बाकीचे? त्यात दोघं कन्नड. अण्णा गप्प झाले, मग म्हणाले, "मग माझंच काय वाकडं आहे?" हा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त दुखणारा असतो, कारण भाषेवर खापर फोडलं की निदान स्वतःकडं तरी बघावं लागत नाही.

मी अप्रेजलचा फॉर्म मागितला. त्यांनी तो कधी वाचलाच नव्हता! इंग्रजीत असतो, साहेब बोट ठेवून दाखवतात, इथं सही करा, हे करतात, झालं. (असं करणारे खूप जण आहेत, आणि पदवीधरही आहेत, फक्त अण्णांना दोष द्यायला नको.) पुढच्या वेळी कॉपी घेऊन आले, घरी दहावीतल्या पोरीकडून वाचून घेतलेली. उत्पादन चार, क्वालिटी चार, हजेरी चार. पुढं इनिशिएटिव्ह (स्वतःहून पुढाकार) दोन, ॲटिट्यूड (वृत्ती) दोन, आणि खाली एक ओळ, "नीड्स पॉझिटिव्ह ॲटिट्यूड". सगळ्याची सरासरी काढून तीन. म्हणजे हाताच्या कामाला साहेबांनी नाव ठेवलेलंच नव्हतं, अण्णा वर्षभर ज्याचा राग धरून बसले ते घडलंच नव्हतं. घडलं होतं वेगळंच.

मग मी विचारलं की वर्षभरात साहेबांशी खटका उडाला असा एखादा दिवस सांगा. लगेच आठवला. पंपाच्या हाउसिंगचा नवीन जॉब आलेला, पातळ भिंतीचा, बोअरला (आतल्या गोल भोकाला) 20 मायक्रॉनचा टॉलरन्स, म्हणजे मापात मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकाच फरक चालणार. कस्टमरची माणसं शॉपवर आलेली. साहेबांनी ड्रॉइंग पुढं केलं आणि अण्णांनी एक नजर टाकून सांगितलं, "होत नाही सर हे," आणि वळून आपल्या मशीनवर गेले. आता तांत्रिकदृष्ट्या ते शंभर टक्के बरोबर होते. साध्या जॉजमध्ये (जॉब धरणाऱ्या पकडीत) तीन ठिकाणी दाबून धरलं तर पातळ हाउसिंग दबतं, मशीनवर बोअर गोल मिळतो आणि जॉब सोडला की तो गोल राहत नाही. "मग पुढं?" "पुढं काय, संध्याकाळी मीच सॉफ्ट जॉज बोअर करून घेतलो, दाब कमी केलो, शेवटचा कट हलका मारलो, सकाळपर्यंत पहिला पीस ओके." (सॉफ्ट जॉज म्हणजे जॉबच्या मापाला कापून घेतलेली मऊ धातूची पकड.) हे साहेबांना कुणी सांगितलं? "सांगायचं काय त्यात, पीस दिसतोय की."

आणि तो पोरगा अशा वेळी काय म्हणतो? "तो म्हणतोय बघूया सर. आणि मग माझ्याकडं येतोय विचारायला."

आता साहेबांच्या बाजूनं बघा. त्यांच्या डोक्यात कस्टमरपुढं ऐकलेला "होत नाही" राहिला. संध्याकाळी ते घरी होते, सॉफ्ट जॉज त्यांनी बघितलेच नाहीत, सकाळी ओके पीस टेबलावर दिसला तो शॉपचा पीस, अण्णांचा नव्हे. 1920 साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले होते. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे गुण, पण आकडे बघितले तर सगळे संशयास्पदरीत्या एकत्रच वर आणि एकत्रच खाली. एका गोष्टीवरून माणसाबद्दल जे मत बनतं ते बाकीच्या रकान्यांत झिरपतं, त्याला त्यानं हेलो, म्हणजे तेजोवलय, म्हंटलं. अण्णांच्या साहेबांनी क्वालिटीला चार दिले, म्हणजे तसे ते बरेच न्यायी निघाले, पण इनिशिएटिव्हचे दोन मला सरळसरळ त्या "होत नाही"चे वाटतात. रात्री थांबून स्वतःच्या डोक्यानं जॉबची पकड बदलणं हा इनिशिएटिव्ह नाहीतर काय आहे?

दुसरी गोष्ट बोलता बोलता निघाली. वर्षात अण्णांच्या रजा मोजक्या, पण सगळ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण भातानंतर शिवारात मसूर असतो आणि सुगी त्याच दिवसांत येते. फॉर्म भरायचा मार्चच्या शेवटी. जवळचं जास्त आठवतं हा सगळ्यांचाच स्वभाव, साहेब काय वेगळे असणार, त्यांना आठवतंय अण्णा नाहीत म्हणून मशीन बंद होतं. हजेरीचा आकडा मशीन सांगतं म्हणून तिथं चार पडले, पण कामाची ओढ आहे की नाही हे कुठलं मशीन सांगत नाही, ते आठवणीतून येतं.

शिकवण्याचं तर विचारूच नका. जे काम आपल्या जॉब कार्डवर नाही पण ज्यावर शॉप चालतं, म्हणजे नवीन पोरांना शिकवणं, दुसऱ्याची सेटिंग अडली की हात देणं, त्याला बोर्मन आणि मोटोविडलो या दोघा अभ्यासकांनी 1993 मध्ये मुख्य कामापासून वेगळं काढून दाखवलं, आणि मूल्यमापन करणारे मनातल्या मनात त्यालाही वजन देतात हे पुढं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. अण्णा ते वजनदार काम रोज करत होते आणि त्याचं क्रेडिट "बघूया सर" म्हणणाऱ्याला जात होतं. पोरगा लबाड आहे असं मला अजिबात वाटत नाही हं, विचारून काम करणं हेही कौशल्यच आहे.

मी सुचवलं की साहेबांपुढचं पहिलं वाक्य बदलूया. अण्णा उसळले. "म्हणजे मस्का मारू? माझ्या बाबांनी मला ते शिकवलं नाही." इथंच बहुतेक प्रामाणिक माणसं अडकतात, बोलणं म्हणजे लाळघोटेपणा आणि गप्प राहणं म्हणजे स्वाभिमान अशी वाटणी करून ठेवलेली असते, आणि त्या गप्प राहण्यात थोडी गुर्मीही असते, माझं काम तुम्ही ओळखायला पाहिजे अशी. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. रागावले, पण उठून गेले नाहीत.

मग मी साहेब झाले आणि ते अण्णाच राहिले. ड्रॉइंग म्हणून माझी डायरी पुढं केली. पहिल्यांदा पुन्हा "होत नाही" आलं, सवय ती. मग हळूहळू, "सर, असंच धरलं तर बोअर गोल राहत नाही. सॉफ्ट जॉज करून घेतो, संध्याकाळपर्यंत वेळ द्या, उद्या सकाळी पहिला पीस दाखवतो." ह्यात कुठं मस्का आहे? एक शब्द खोटा नाही. अडचण आहे, उपाय आहे, वेळ आहे. कन्नडमध्ये पण म्हणून बघितलं, त्यांचं कन्नड माझ्यापेक्षा कितीतरी झकास.

खिशात वही ठेवायला लावली, मराठीतच. तारीख, काय अडलं, मी काय केलो, त्यानं काय झालं, बस. अमेरिकेत जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये मांडलेली पद्धत साधारण अशीच, माणूस कसा आहे यावर मत देण्यापेक्षा नेमकं काय घडलं ते नोंदवा. ही वही साहेबांविरुद्ध पुरावा म्हणून नाही, हे मी दोनदा बजावलं, नाहीतर माणसं तिची फिर्याद करून टाकतात. सप्टेंबरात अण्णांनी साहेबांकडं दहा मिनिटं मागितली, वही उघडून चार-पाच नोंदी वाचल्या आणि विचारलं, ॲटिट्यूडमध्ये दोन कशाला दिलात ते सांगा. साहेब म्हणाले, "तू दर वेळी आधी नाही म्हणतोस." इतकंच. साहेबांना सॉफ्ट जॉजची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा कळली.

पुढच्या मार्चला ॲटिट्यूड तीन, इनिशिएटिव्ह चार, आणि अंतिम रेटिंग? तीनच. अण्णांनी फोनवरच मला झापलं. त्याचं कारण त्यांना समजावणं अवघड गेलं. बऱ्याच कंपन्यांत वरच्या रेटिंगला जागा मोजून असतात, जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी वीस-सत्तर-दहा (वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा) अशी विभागणी चालवली आणि मग जगभर तिची नक्कल झाली, मायक्रोसॉफ्टनं 2013 मध्ये अशी सक्तीची क्रमवारी सोडली, पण आपल्याकडच्या कितीतरी एचआरच्या डोक्यातून ती काही गेलेली नाही. सगळा विभाग चांगला असला तरी कुणालातरी मधे बसवावंच लागतं. हे अण्णांच्या वृत्तीनं बदलणारं नाही, ही पद्धतच मला चुकीची वाटते आणि मी तसं त्यांना सांगितलं. मात्र ट्रेनी पोरांना शिकवायचं काम आता त्यांच्या नावावर लिहून आलंय, त्याचा वेगळा भत्ता मिळेल का यावर बोलणं चाललंय. रजेचं ते जानेवारीतच सांगून ठेवतात आणि कोण मशीन बघणार तेही. झोप बरी आहे असं त्यांची बायको म्हणते.

आता नेहमी येणारा प्रश्न, साहेब खरंच पक्षपाती असला तर? असतात की, का नसतील. तेव्हा फॉर्मची कॉपी घ्या, न वाचता सही करू नका, कुठल्या ओळीत कमी दिलं आणि कुठल्या घटनेवरून ते लेखी विचारा, कंपनीत फेरविचाराचा अर्ज असतो का बघा. वर्ष बदललं, मूल्यमापन करणारा बदलला आणि तरी तीच ओळ आली तर स्वतःकडं बघा. नवीन माणूस वेगळं बोलला तर प्रश्न जुन्या साहेबाचा होता. आणि नोंदी दाखवूनही कुणी ऐकतच नसेल तर चांगल्या सेटरला उद्यमबागमध्ये दुसरं दार ठोठवायला हरकत नाही, फक्त रागाच्या भरात राजीनामा टाकून नको, आधी तिकडचं पत्र हातात घेऊन.