मरळ असताना 'सर्पशीर्ष' कशाला?

प्रश्न असा की स्नेकहेड माशाला, म्हणजे आपल्या मरळीला, मराठीत 'सर्पशीर्ष' म्हणायचं का, आणि मरळ हा कॅटफिशचाच प्रकार ना? दोन्हीचं उत्तर नाही, आणि हे 'सर्पशीर्ष' हल्ली इतकं कानावर येतं की चीड येते.

कॅटफिशचं आधी उरकतो. त्याला मिशा असतात आणि अंगावर खवले नसतात. मरळीला मिशा नाहीत आणि खवले पार डोक्यावरही, मोठे मोठे, शिवाय पाठीवरचा पर डोक्यामागून निघतो तो शेपटीजवळपर्यंत सलग. त्या डोक्यामुळेच ती सापासारखी दिसते. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ ब्लॉखने १७९३ मध्ये ग्रीक शब्द जोडून ऑफिसेफॅलस, म्हणजे सापडोक्या, असं नाव दिलं, त्याचंच इंग्रजी झालं आणि त्या इंग्रजीचं आपण आता संस्कृत करतोय! आपल्याकडचे मत्स्यतज्ज्ञ इंग्रजीत लिहितानाही मरेलच म्हणतात हो.

आता खरी मजा. उत्तरेत हीच शोल, सौल, म्हणजे संस्कृत शकुल. मराठीत शकुलचा मागमूस नाही. कारण माझ्या मते आपला शब्द दक्षिणेकडचा आहे: तमिळमध्ये विराल, मल्याळममध्ये वराल, आपली मरळ. व चा म कसा झाला म्हणाल, तर तमिळ वानम म्हणजे आकाश, तेच मल्याळममध्ये मानम, त्यामुळे ही अदलाबदल त्या घरात नवीन नाही.

'पाण्याबाहेरही मरत नाही म्हणून मरळ' असं सांगणारे जाणकार भेटतात, त्यांनी जरा प्रेमळ, रसाळ हे शब्द बघावेत. ळ लागला की तो गुण 'असणारा' असा अर्थ होतो, मग मरळ म्हणजे मरणारी व्हायला पाहिजे, उलटं कसं? निरीक्षण मात्र अर्धं खरं आहे. तिला कल्ल्यांच्या वर हवा घ्यायची पोकळी असते, तळं आटलं तरी ती ओल्या चिखलात तग धरते, पण पाण्यातच अडकवून वर येऊ दिलं नाही तर गुदमरून मरते. बेडूक-मासे दबा धरून गिळणारी ही शिकारी, आणि पिल्लं केशरी-लाल असतात तोवर त्यांच्या घोळक्याखाली राखण करत फिरते.

आणि मराल म्हणजे हंस, त्यावरून मरळ असं म्हणणाऱ्यांनी तर हंसाचा आणि चिखलातल्या माशाचा संबंध आधी दाखवावा. नुसतं अक्षर जुळलं म्हणून व्युत्पत्ती होत नाही.