टोमॅटोच्या बियांचं तेल खरंच कामाचं असतं का? कशासाठी वापरतात?

हो, कामाचं आहे. केचप किंवा प्युरीच्या कारखान्यात रस काढल्यावर साल-बियांचा जो चोथा उरतो, त्यातून हे तेल मिळतं. चोथा पाण्यात ढवळला की बिया तळाशी बसतात आणि सालं वर तरंगतात. वाळलेल्या बियांत साधारण 20 ते 25 टक्के तेल असतं.

खाण्यासाठी ते रिफाइन करून घ्यावं लागतं. निम्म्याहून अधिक लिनोलिक आम्ल (एक असंतृप्त मेदाम्ल) असल्यानं गुण सूर्यफुलाच्या तेलासारखे. सॅलडवर घालायला उत्तम, पण सारखं तळण माझ्या मते यात करू नये; असं तेल तापवून तापवून लवकर खराब होतं. रिफाइन न केलेल्या तेलाला लायकोपीनमुळे, म्हणजे टोमॅटोला लाल रंग देणाऱ्या द्रव्यामुळे, लालसर झाक असते. त्यात व्हिटॅमिन ई-ही असतं, म्हणून त्वचेच्या क्रीममध्ये वापरतात. औषध मात्र समजू नका.

मिथेनॉलबरोबर प्रक्रिया करून बायोडिझेलही होतं, पण ते साठवणीत टिकत नाही, अँटिऑक्सिडंट मिसळावं लागतं. शिवाय ओला चोथा वाळवायलाच बरंच इंधन जातं. त्यामुळे इंधनापेक्षा खाद्यतेल आणि सौंदर्यप्रसाधनं हाच मला शहाणपणाचा मार्ग वाटतो.

नारायणगाव-पिंपळगावकडे भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओततात, तेव्हा त्यांचं तेल का काढत नाही, हा प्रश्न हमखास येतो. पण अख्ख्या टोमॅटोत बी अगदी थोडं. आधी प्रक्रिया उद्योग हवा, तेल त्याच्या मागून.