हेड कॅशियर आता मला ‘मॅडम’ म्हणतात

ताई, मी 27 वर्षांची, सरकारी बँकेच्या तालुक्याच्या शाखेत ऑफिसर आहे. आमचे हेड कॅशियर 58 वर्षांचे. दिवसभर ‘बेटा, हे परत अडकलं बघ’ म्हणून हाका मारायचे. गेल्या महिन्यात त्यांनी एक रक्कम भलत्याच खात्यात टाकली. मी शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून ‘खाते क्रमांक तपासून एंट्री करावी’ असं लिहिलं. तेव्हापासून कामापुरतं बोलतात आणि काउंटरवर लोकांना सांगतात, ‘मॅडमना विचारा, आम्ही अडाणी.’ चूक दाखवली, यात माझं काय चुकलं?
– एक ऑफिसर

अगं, चूक दाखवायलाच हवी होती, पण चव्हाट्यावर नाही. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी ते वाचलं. (आणि ग्राहकाच्या खात्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर? ते पुन्हा करू नकोस, उद्या तुझ्याच अंगाशी येईल.)

हा माणूस बँकेत लागला तेव्हा लेजर, म्हणजे खातेवह्या, हाताने लिहायचे आणि संध्याकाळी बॅलन्स जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. आकडा चुकणं ही त्यांच्या लेखी अब्रूची गोष्ट. नव्वदच्या दशकात भरती आटली, 2000-01 च्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेत, अनुभवी माणसं घाऊक बाहेर पडली, आणि पुढे बँकभरतीच्या आयबीपीएस परीक्षेतून तुम्ही मुलं आलात. लेजरही लिहिलेला आणि कॉम्प्युटरही सरावाचा, असा पंचेचाळिशीचा माणूस तुमच्या शाखेत आहे का? बहुधा नसेल. असता तर ही गोष्ट त्यानेच चहाच्या टपरीवर मिटवली असती. आता ते तुलाच करावं लागणार.

तिजोरीची एक किल्ली त्यांच्याकडे आणि दुसरी ऑफिसरकडे असते. ती तुझ्याकडे असेल तर सकाळी तिथे तुम्ही दोघंच असता. तेव्हाच सांगून टाक, “साहेब, त्या दिवशी ग्रुपवर टाकायला नको होतं, तुमच्यापाशी येऊन बोलायला हवं होतं.” पुढे ‘पण’ जोडू नकोस. ‘पण’ आला की माफी गेली.

त्यांनी हाक मारली की तू काय करतेस? माउस हातात घेऊन दोन सेकंदांत काम उरकून जातेस ना? ते थांबव. बाजूला उभी राहा, त्यांच्याच हातून करून घे. नेहमी अडणाऱ्या दोन-तीन गोष्टींच्या पायऱ्या मराठीत, ठळक अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून काउंटरच्या आत चिकटव. वेळ जाईल, पण हाका कमी होतील.

तूही त्यांना विचार. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला आलेल्या आजींची सही हलली, तर ती वयाने की आणखी कशाने, हे ते चेहरा बघून सांगतील. कर्जाची फाइल आली की त्या घराबद्दल विचार. सिबिलच्या कर्जनोंदींत न दिसणारं बरंच त्यांना ठाऊक असेल.

‘आम्ही अडाणी’ हे मात्र ऐकून घेऊ नकोस. वयाचा मान वेगळा, गिऱ्हाइकांसमोर टोमणे वेगळे. काउंटर बंद झाल्यावर शांतपणे सांग, “साहेब, मला काय बोलायचं ते इथे बोला, लोकांसमोर नको.” तू आधी माफी मागितलेली असेल तर त्यांना हे ऐकावंच लागेल.

एवढं करूनही ते ‘मॅडम’च म्हणत राहिले तर म्हणू देत. तू त्यांची ऑफिसर आहेसच की.