गुडघ्याची कूर्चा सोनोग्राफीत बघताना

आधी गुडघा जेवढा दुमडेल तेवढा दुमडून घे. पाय सरळ असला की वाटी मांडीच्या हाडावरची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर, झाकून टाकते. लिनियर प्रोब (सोनोग्राफीचा कातडीवर टेकवायचा सरळ तोंडाचा भाग) वाटीच्या लगेच वर आडवा धर. निरोगी कूर्चा म्हणजे हाडाच्या पांढऱ्या रेघेवरचा काळाभोर पट्टा, दोन्ही कडा स्वच्छ. प्रोब जरा कलला की वरची कड पुसट होते, आणि नवखा माणूस ‘झीज’ लिहून मोकळा होतो. रत्नागिरीत सुरुवातीला मीही लिहिलंय, म्हणून कळकळीने सांगतो: प्रोबमधून निघणाऱ्या ध्वनिलहरी कूर्चेवर काटकोनात पडेपर्यंत प्रोब हलवत राहा.

संधिवातात नुसती जाडी मोजू नकोस, पट्टा धूसर झालाय का तेही बघ. गाऊटमध्ये (युरिक ॲसिड वाढून होणारा संधिवात) युरेट, म्हणजे त्या ॲसिडचे स्फटिक, कूर्चेच्या वरच्या पृष्ठभागावर बसतं, म्हणून दुहेरी रेघ दिसते; दुसऱ्या एका संधिवातात साठणारे कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे कण कूर्चेच्या आत चमकतात.

भातलावणीत दिवसभर वाकून आलेल्या काकूंचा सुजलेला गुडघा पुरता दुमडत नाही. जोर लावू नकोस गं. जेवढं दिसलं तेवढंच लिही, गुडघा किती दुमडला होता तेही लिही; पुढच्या खेपेला तुलना त्यावरच होते. डॉप्लरला (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) हात अगदी हलका ठेव, दाबलंस तर सुजेतला रक्तप्रवाह दिसेनासा होतो.