पृथ्वीला ढकलायचं, तर पाय कुठे रोवायचे?

या खेपेला आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयाभोवती घुटमळणारे निघाले. त्यामुळे तेवढेच घेतो, बाकीचे पुढच्या वेळी.

प्रश्न : जगातल्या सगळ्यांनी एकाच क्षणी उडी मारली तर पृथ्वी कक्षेतून सरकेल, असा एक संदेश मोबाइलवर फिरतोय. खरंच असं होईल?

नाही. आणि ही कल्पना नवीही नाही. २० जुलै २००६ हा दिवस ‘जागतिक उडी दिन’ म्हणून गाजवला गेला होता. साठ कोटी लोकांनी ठरलेल्या सेकंदाला उडी मारायची, पृथ्वीची कक्षा बदलायची आणि तापमानवाढ थांबवायची, असा बेत होता. त्यामागचा ‘प्राध्यापक’ काल्पनिक होता, सगळा खटाटोप एका जर्मन कलाकाराचा होता. पृथ्वी त्या दिवशीही सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने नेहमीच्या वाटेने गेली.

हिशेब करून बघू. ८०० कोटी माणसं, मुलंबाळं धरून सरासरी ६० किलोची, म्हणजे एकूण वजन जेमतेम ५० कोटी टन. पृथ्वी याच्या सुमारे १२ लाख कोटी पट जड. आपण सगळे एकाच ठिकाणी जमलो आणि ३० सेंटीमीटर उंच उडालो, तर पृथ्वी उलट बाजूला जाईल ती एका अणूच्या जाडीच्या चार हजाराव्या भागाएवढी. तेही क्षणभरच. आपण हवेत असताना जेवढ्या जोराने पृथ्वी आपल्याला ओढते, तेवढ्याच जोराने आपण तिला ओढत असतो. त्यामुळे आपले पाय जमिनीला लागतात तेव्हा तीही मूळ जागी आलेली असते.

हे माझ्या मते नुसत्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे. माणसं शंभर पट जड असती तरी उत्तर हेच आलं असतं. होडीत उभं राहून या टोकापासून त्या टोकाला चालत जा. होडी उलट दिशेला सरकते, तुम्ही थांबलात की तीही थांबते. होडी आणि तुम्ही मिळून जो गुरुत्वमध्य, म्हणजे दोघांच्या वजनाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, तो जागचा हलत नाही (पाण्याचं घर्षण सोडून देऊ). पृथ्वीला ढकलायचं तर पाय रोवायला पृथ्वीबाहेर काहीतरी हवं, आणि आपल्यापाशी नेमकं तेवढंच नाही.

प्रश्न : पण सैनिकांच्या तालबद्ध चालण्याने पूल कोसळल्याचं वाचलं आहे. तालात उड्या मारल्या तर?

प्रश्न आवडला. १८३१ मध्ये इंग्लंडमधला ब्रॉटनचा झुलता पूल सैनिकांची तुकडी पावलं मिळवून जात असताना खरोखर कोसळला होता, आणि तेव्हापासून पुलावर पावलं मोडून चालायचा हुकूम निघाला. झोपाळ्याला योग्य वेळी हलके हलके धक्के दिले की तो उंच जातो, तसंच ते. प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक ताल असतो आणि तो साधला की थोड्या जोरात मोठं काम होतं.

पृथ्वीलाही असा ताल आहे. १९६० साली चिलीत झालेला ९.५ तीव्रतेचा भूकंप हा आजवर नोंदलेल्यांत सर्वांत मोठा. त्यानंतर सगळी पृथ्वी घंटेसारखी घुमत राहिली आणि ते घुमणं प्रथमच नीट मोजता आलं. त्यातला सर्वांत संथ ताल म्हणजे पृथ्वी किंचित लांबट होते, मग किंचित चपटी, मग पुन्हा लांबट. या एका आवर्तनाला ५४ मिनिटं लागतात.

आता या तालावर उडी मारायची म्हणजे एक उडी, मग ५४ मिनिटं वाट, मग दुसरी उडी. दिवसाला सव्वीस-सत्तावीस उड्या, रात्रीची झोप विसरून. त्यातही मधल्या वेळात आधीचं घुमणं थोडं थोडं विरतच असतं. आणि समजा सगळं जमलं, तरी हलेल ते पृथ्वीचं अंग. तिची कक्षा नाही.

जमिनीला मात्र आपला पत्ता लागतो. ७ सप्टेंबर २००१ रोजी ब्रिटनमध्ये सुमारे दहा लाख शाळकरी मुलांनी मिनिटभर उड्या मारल्या, तेव्हा भूकंपमापकांवर थरथर उमटली होती. मला त्याहून बोलकी वाटते ती २०२० मधली उलटी नोंद. टाळेबंदीत रस्ते, कारखाने, मैदानं ओस पडली आणि माणसांच्या वावरामुळे जमिनीत कायम चालणारी बारीक कुरकुर जगभर निम्म्यापर्यंत खाली आली. आपण एकत्र उड्या मारून जे साधलं नाही, ते एकत्र गप्प बसून दिसलं.

प्रश्न : कक्षा राहू द्या. सगळे विषुववृत्तावरून पूर्वेकडे चालत सुटलो तर दिवस लहान-मोठा होईल का?

होईल. पृथ्वी पूर्वेकडे गिरकी घेते. आपण पूर्वेकडे चालताना पायाने जमीन पश्चिमेकडे रेटतो, म्हणजे गिरकीला किंचित लगाम बसतो आणि दिवस लांबतो. ८०० कोटी माणसं ताशी ५ किलोमीटरने चालली तर दिवस एका नॅनोसेकंदाच्या (सेकंदाचा अब्जावा भाग) सुमारे पंधराव्या भागाने वाढेल. तेवढ्या वेळात प्रकाश दोन सेंटीमीटर जातो, हाताच्या बोटाच्या रुंदीएवढा.

हे घरी बघता येतं. फिरत्या खुर्चीत बसा, पाय वर उचलून धरा आणि कमरेतून झटक्यात डावीकडे वळा. बैठक उजवीकडे जाते, तुम्ही वळायचं थांबलात की तीही थांबते. मी हे वाक्य लिहायच्या आधी दोनदा करून पाहिलं, दुसऱ्यांदा गुडघा टेबलावर आपटला.

पण नीट बघा, खुर्ची थांबली तरी ती पहिल्या जागी नाही, थोडी वळलेली आहे. वेग परत मिळाला, वळण मागे राहिलं. तसंच सगळी मानवजात न थांबता विषुववृत्ताची पूर्ण फेरी मारून थांबली (अकरा महिने लागतील), तर दिवस पुन्हा पूर्वीइतकाच होईल, पण पृथ्वी एरवी जिथे असती त्याहून विषुववृत्तावर एक शतांश मिलिमीटर मागे असेल. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. अकरा महिन्यांच्या पायपिटीची कमाई एवढी.

प्रश्न : लोकसंख्या वाढतेय, इमारती वाढताहेत. पृथ्वी जड होऊन मंदावत नाही का?

माणूस जे खातो-पितो ते पृथ्वीतलंच, इमारतींचे दगड आणि लोखंडही. वजनाची फक्त जागा बदलते, बेरीज तीच राहते.

प्रश्न : मग माणसामुळे पृथ्वीच्या फिरण्यात काहीच फरक पडत नाही, असं समजायचं?

असं अजिबात समजू नका. माणसाच्या अंगात जोर नाही, पण तो पाणी हलवतो, आणि हलवलेलं पाणी उडी मारणाऱ्या माणसासारखं लगेच मूळ जागी येत नाही.

सगळ्या मानवजातीचं वजन म्हणजे अर्धा घनकिलोमीटर पाणी. चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणात सुमारे ४० घनकिलोमीटर पाणी मावतं, म्हणजे ऐंशी मानवजाती एका दरीत उभ्या केल्यासारखं. त्याने दिवस ०.०६ मायक्रोसेकंदाने (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) लांबतो आणि ध्रुव, म्हणजे पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्याचं टोक, दोनेक सेंटीमीटर सरकतो, असा नासाच्या शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. हा हिशेबच आहे, मोजमाप नव्हे. वाऱ्यांमुळे दिवसाची लांबी वर्षभरात मिलिसेकंदाएवढी, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी, मागेपुढे होत असते, त्या गलक्यात एका धरणाचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. २०११ च्या जपानमधल्या भूकंपाने दिवस १.८ मायक्रोसेकंदाने लहान झाल्याचं सांगतात, तेही असंच काढलेलं.

खरा पसारा दिसतो तो बेरजेत. १८३५ पासून बांधलेल्या सुमारे सात हजार धरणांनी मिळून ध्रुव साधारण एक मीटर सरकवले, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटलं आहे. भूजलाचा उपसा त्याहून वेगवान. १९९३ ते २०१० या काळात २,१५० अब्ज टन पाणी जमिनीतून वर आलं आणि बहुतेक शेवटी समुद्रात गेलं. हे चार हजारांहून अधिक मानवजातींचं वजन आहे. त्यापायी ध्रुव सुमारे ८० सेंटीमीटर पूर्वेकडे सरकला. सर्वाधिक पाणी हललं ते अमेरिकेच्या पश्चिम भागातून आणि वायव्य भारतातून. फिरत्या भोवऱ्याच्या एका अंगाची माती खरवडली तर तो डगमगेलच.

त्यात बर्फाची भर. ध्रुवांकडचा बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे पसरतं, म्हणजे गिरकी घेणाऱ्याने हात बाजूला पसरल्यासारखं, गिरकी मंदावते. २००० सालापासून या एका कारणाने दिवस शतकाला सुमारे १.३ मिलिसेकंद या गतीने लांबतो आहे. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीचा लगाम शतकाला दोनेक मिलिसेकंदांचा. म्हणजे माणूस चंद्राच्या जवळपास पोचला आहे.

प्रश्न : पृथ्वीची कक्षा बदलेल असं माणसाने काहीच केलेलं नाही?

केलं आहे, जे परत आलं नाही त्याच्यामार्फत. ८ डिसेंबर १९९० रोजी गुरू ग्रहाकडे निघालेलं अडीच टनांचं गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून वळसा घालून गेलं आणि जाता जाता तिच्याकडून सेकंदाला सुमारे ५ किलोमीटरचा वेग घेऊन गेलं. तेवढ्याने पृथ्वी सूर्याभोवती किंचित मंदावली. इतकी किंचित, की वर्षभरात पडणारा फरक एका अणूच्या जाडीएवढाही नाही. यान पुढे गुरूपर्यंत पोचलं आणि २१ सप्टेंबर २००३ रोजी त्याच्याच वातावरणात जळून गेलं. उसना घेतलेला तो वेग गुरूपाशीच राहिला.