गुडघ्याच्या वाटीचा कृत्रिम पृष्ठभाग डिझाइन करताना सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही फर्मागुडीला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रोजेक्ट म्हणून गुडघ्याच्या वाटीच्या (पॅटेलाच्या) झिजलेल्या पृष्ठभागासाठी कृत्रिम भाग डिझाइन करायचा आहे, आणि आधी आकार ठरवावा की मटेरियल, हे कळत नाही. गोव्यात राहून यातलं काय काय करता येईल, असंही तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर: आकार आणि मटेरियल दोन्ही नंतर. आधी जाडी. हे डिझाइन मिलिमीटरच्या हिशेबावर उभं राहतं आणि त्यातच पडतं.

वाटी साधारण २२ ते २५ मिमी जाड असते. आपल्याकडच्या लहान चणीच्या बायकांमध्ये ती १९-२० मिमीही भरते. तिच्या मागच्या बाजूची कूर्चा (हाडावरचं गुळगुळीत, लवचिक आवरण) शरीरातली सगळ्यात जाड, काही ठिकाणी ५ मिमीच्या वर. शस्त्रक्रियेत हा मागचा भाग सपाट कापून काढतात आणि त्या जागी पॉलिइथिलीन (पुढे नुसतं ‘पॉली’) या प्लास्टिकचं बटण, म्हणजे कृत्रिम पृष्ठभाग, सिमेंटने बसवतात. उरलेलं हाड १२ मिमीपेक्षा पातळ झालं की वाटी फुटण्याचा धोका वाढतो. १४-१५ मिमी उरलं तर निर्धास्त राहता येतं. बटण मध्यभागी ८ मिमीच्या आसपास लागतं. म्हणजे २२ मिमीच्या वाटीत १४ अधिक ८, हिशेब जुळला. १९ मिमीच्या वाटीत मात्र १२ अधिक ८ म्हणजे २०, तेही हाड अगदी कडेला आणून. शिवाय हे १९ मिमी कूर्चा झिजल्यावरचं माप असू शकतं, मूळ वाटी २१ची असेल. म्हणून नुसत्या एक्स-रेवरच्या आकड्यावर विसंबू नका, कूर्चा किती गेली आहे तेही धरा.

एकूण जाडी मूळपेक्षा वाढली तर काय होतं? वाटीच्या दोन्ही बाजूंचे पडदे ताणले जातात, वाटी बाहेरच्या बाजूला कलते आणि गुडघा पुरता वाकत नाही. ढोबळ मानाने २ मिमी वाढले की सुमारे ३ अंश वाकणं कमी होतं. आकडा लहान वाटेल, पण ज्या बाईला पाटावर बसून आदोळीवर मासळी चिरायची आहे, देवळात जमिनीवर बसायचं आहे, तिच्यासाठी शेवटचे अंशच मोलाचे. उलट जाडी फार कमी केली तर मांडीच्या स्नायूची तरफ आखूड होते आणि जिना चढताना जोर कमी पडतो. मूळ जाडीच्या एक-दीड मिमीच्या आत राहणं हे उद्दिष्ट धरा.

मग बटणच पातळ का करू नये? इथे भाराचा हिशेब येतो. सपाट रस्त्यावर चालताना वाटीमागच्या सांध्यावर वजनाच्या निम्म्याइतका भार असतो, जिन्यावर सुमारे ३.३ पट आणि खोल बैठकीत सुमारे ७.६ पट. ७० किलोच्या माणसाचं वजन ६८६ न्यूटन धरलं तर जिन्यावर सुमारे २२६० आणि बैठकीत सुमारे ५२०० न्यूटन. निरोगी गुडघा वाकलेला असताना कूर्चेचा संपर्क ४०० चौरस मिमीच्या आसपास पसरतो. घुमटाकार बटण मांडीच्या हाडावर बसवलेल्या धातूच्या खोबणीत टेकतं तेव्हा तो १०० चौरस मिमीवर येऊ शकतो. म्हणजे जिन्यावर सरासरी दाब सुमारे २३ मेगापास्कल, बैठकीत ५२. पॉलिइथिलीन २१-२३ मेगापास्कललाच कायमचं दबायला लागतं. प्रत्यक्षात खोल वाकवताना मांडीच्या स्नायूचा कंडरा स्वतःच मांडीच्या हाडावर टेकून काही भार घेतो, आणि पॉलीही हळूहळू दबून संपर्क वाढवतं, म्हणून बटणं टिकतात. पण हातात सवलत फारशी नाही. जाडी कमी केली की दाब आणखी चढतो. १९८०च्या दशकात धातूची पाठ असलेली बटणं आली, तेव्हा नेमकं हेच घडलं. धातूने जागा खाल्ली, वर पॉलीचा पातळ थर उरला, तो कडेला झिजून धातूवर धातू घासू लागला. त्या पिढीतली बरीच बटणं काढावी लागली. आज सच्छिद्र धातूवर पॉली साच्यात दाबून बसवलेले नवे प्रकार आहेत, पण पहिल्या प्रोजेक्टला पूर्ण पॉलीचं, सिमेंटने बसणारं बटणच घ्या.

त्याआधीचा प्रयत्नही माहीत असावा. १९५५ मध्ये मॅकीव्हर या सर्जननी वाटीवर धातूचं कवच बसवलं होतं. ते समोरच्या नैसर्गिक कूर्चेवर घासायचं. बटण पॉलीचं आणि समोरची खोबण धातूची, ही जोडी १९७०च्या दशकात रुळली. यातून डिझाइन करणाऱ्याने घ्यायचं ते एवढंच की बटण एकटं डिझाइन होत नाही. समोर कोणती खोबण आहे ते आधी ठरवा, तिची त्रिज्या कागदावर लिहा, मग बटणाकडे वळा.

आता आकार. घुमट घ्यायचा की मूळ वाटीसारखा, मधे कणा असलेला? वाटीसारख्या आकाराचा संपर्क मोठा असतो, पण तो काही अंश फिरून बसला तरी कडेवर भार येतो. घुमट कसाही फिरवला तरी सारखाच, त्यामुळे सर्जनच्या हातून झालेली लहान चूक तो पोटात घालतो. माझ्या मते तुम्ही घुमटच घ्यावा.

घुमटाची भूमिती हातानेच करून पाहा, सॉफ्टवेअर उघडण्याआधी. बटणाचा व्यास ३२ मिमी, म्हणजे अर्धा व्यास १६. कड २ मिमी, एकूण जाडी ८, तर घुमटाची उंची ६. त्रिज्या = (१६² + ६²) ÷ (२ × ६) = २४.३ मिमी. आता सगळ्या मापांची बटणं एकाच खोबणीत चालायला हवीत, म्हणून त्रिज्या २४.३ कायम ठेवा. २९ मिमीच्या बटणात घुमटाची उंची ४.८ येते, म्हणजे एकूण जाडी ६.८. ३५ मिमीच्या बटणात उंची ७.४, एकूण ९.४. नेमकी इथे गाठ पडते. लहान वाटीला लहान बटण लागतं, ते आपोआप पातळ होतं, आणि पातळ पॉली आपल्याला नको आहे. कड ३ मिमी केली तर २९चं बटण ७.८ वर येतं, पण तो एक मिमी पुन्हा हाडातूनच काढावा लागतो. या तिढ्याला स्वच्छ उत्तर नाही. कोणत्या मापाला काय सोडलं आणि का, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा. परीक्षकाला तुमची समज तिथेच दिसेल.

खोबणीची आडवी त्रिज्या घुमटापेक्षा किंचित मोठी ठेवा. अगदी सारखी केली तर वाटी जरा कलली की कड रुतते. फार मोठी केली तर संपर्क ठिपक्याएवढा होतो.

घुमटाचं शिखर हाडाच्या मध्यावर न ठेवता सुमारे ३ मिमी आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडे, सरकवा. मूळ वाटीचा कणाही मध्यावर नसतो, बाहेरची बाजू रुंद असते. बटण आतल्या बाजूला बसलं की वाटी बाहेर घसरण्याची ओढ कमी होते. बाहेरच्या बाजूचं जे हाड उघडं राहतं, त्याची कड उतरवून टाकायला सांगा, नाहीतर ती धातूवर घासते.

गुडघा ९०-१०० अंशांच्या पुढे वाकला की वाटी खोबण सोडून मांडीच्या हाडाच्या दोन गोलाव्यांवर टेकते, मधे पोकळी. तेव्हा भार घुमटाच्या शिखरावर नसतो, दोन बाजूंच्या उतारावर दोन छोट्या ठिपक्यांत वाटला जातो. काढलेल्या बटणांवर झीज आणि दबलेपणा बहुधा याच कडांना दिसतो. तुमच्या फायनाइट एलिमेंट मॉडेलमध्ये (भागाचे बारीक तुकडे पाडून दाब काढणाऱ्या संगणकीय मॉडेलमध्ये) ३०, ६०, ९० आणि १२० अंश अशा चार स्थिती नक्की घ्या. नुसत्या ३० अंशांचं सुंदर रंगीत चित्र काढून काही सिद्ध होत नाही.

पाठीकडची बाजू बरेच विद्यार्थी दुर्लक्षित ठेवतात, आणि बटण सुटतं ते तिथूनच. बोन सिमेंट पॉलिइथिलीनला रासायनिकरीत्या चिकटत नाही. पकड सगळी यांत्रिक. म्हणून पाठीवर आतून रुंद होत जाणाऱ्या अर्धा ते एक मिमी खोलीच्या खाचा द्या आणि खुंट्यांना गळ्याशी खाच ठेवा. एक जाड मधली खुंटी टाळा. ती हाडाच्या गाभ्यातच मोठं भोक पाडते, पुढची बाजू कमकुवत करते आणि रक्तपुरवठ्यालाही धक्का लावते. ४-५ मिमी व्यासाच्या तीन लहान खुंट्या त्रिकोणात ठेवा, मुळाशी किमान अर्धा मिमीचा गोलवा द्या. मुळाशी कोन धारदार राहिला तर बाजूच्या भाराने खुंटी तिथेच कापली जाते.

कापण्याचा गाइडही तुमच्याच डिझाइनचा भाग समजा. करवतीचं पातं १.२७ मिमीचं असतं. गाइडची फट १.५ मिमी आणि तिची खोली २० मिमी असेल तर पातं सुमारे ०.६६ अंश डुलतं, आणि ४० मिमी रुंद वाटीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळपास अर्ध्या मिमीचा फरक पडतो. फट तेवढीच ठेवून खोली १० मिमी केली तर हा फरक दुप्पट. काप पुढच्या पृष्ठभागाला समांतर हवा. आतली आणि बाहेरची बाजू यांत २ मिमीपेक्षा जास्त फरक राहिला की वाटी कललीच म्हणून समजा. कापल्यानंतर कॅलिपरने चार जागी मापायची सोय गाइडमध्येच ठेवा. सिमेंट नीट दाबलं गेलं नाही तर तेही एक मिमी जाडी वाढवतं, त्यामुळे दाबणाऱ्या चिमट्याचं तोंड घुमटाच्या आकाराचं करा. सपाट तोंडाखाली बटण तिरकं बसतं.

मटेरियल म्हणजे अतिउच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीन, आयएसओ ५८३४-२ प्रमाणे, रेझिन जीयूआर १०२० किंवा १०५०. जास्त क्रॉसलिंक केलेलं (रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेलं) पॉली कमी झिजतं, पण तडे सहन करण्याची त्याची ताकद घटते. पातळ कड आणि बारीक खुंट्या असलेल्या भागात हे विसरू नका. निर्जंतुकीकरण उघड्या हवेत गॅमाने केलं तर पॉली वर्षानुवर्षं ऑक्सिडाइझ होऊन ठिसूळ होतं, म्हणून ते निर्वात किंवा नायट्रोजनच्या पाकिटात करतात, नाहीतर इथिलीन ऑक्साइड वापरतात. ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, आकार बिघडतो.

लेथवर काढताना तेल किंवा कूलंट नको, हवेचा झोत पुरे. तीन जबड्यांच्या चकमध्ये घट्ट आवळलं तर सुटल्यावर गोलाचा त्रिकोणी गोल होतो, म्हणून मऊ जबडे किंवा कोलेट वापरा. आधी थोडं जास्त ठेवून कापा, एक दिवस तसंच राहू द्या, मग शेवटचा हात फिरवा. घासणाऱ्या बाजूचा सरासरी खरबरीतपणा (आरए) २ मायक्रॉनच्या आत हवा. गोव्याच्या दमट हवेचा या प्लास्टिकला त्रास नाही, ते पाणी जवळपास पीतच नाही. उष्णतेचा मात्र होतो. ३५ मिमीचा तुकडा २० अंशांऐवजी ३२ अंशांत मापला तर ०.०६ मिमीपर्यंत मोठा दिसेल. मे महिन्यात बिनएसीच्या वर्कशॉपमध्ये घेतलेली मापं ड्रॉइंगशी जुळत नाहीत याचं कारण बहुधा हेच असतं.

गोव्यात काय शक्य आहे? हाडांची मापं घ्यायला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे तुमच्या मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र घेऊन जा. सुक्या वाट्यांवर कूर्चा नसते, हे धरून मापा. रुग्णांचे सीटी स्कॅन हवे असतील तर नीतिसमितीची परवानगी आधी, स्कॅन नंतर. सिमेंट आणि खुंट्यांच्या पकडीच्या चाचण्यांसाठी बाजारातून डुकराच्या गुडघ्याची वाटी आणा. आकार माणसाचा नाही, पण सच्छिद्र हाडात सिमेंट कसं शिरतं ते कळतं. खुंट्यांचा कातर-भार कॉलेजच्या युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर होईल. ५० लाख आवर्तनांची झीज-चाचणी सोडून द्या. सेकंदाला एक आवर्तन या वेगाने ती अखंड ५८ दिवस चालते, ३७ अंशांवर, गाईगुरांच्या सीरममध्ये. तिच्याऐवजी स्थिर भाराखाली दाब-संवेदी फिल्मने संपर्कक्षेत्र मोजा आणि तुमच्या मॉडेलशी ताडून पाहा.

थ्रीडी प्रिंट केलेलं पीएलए प्लास्टिकचं बटण हातात धरून आकार समजायला, गाइड बसवून बघायला चांगलं. त्यावर भार देऊन निघालेले आकडे पॉलिइथिलीनला लावू नका.

किमतीचाही विचार करा. केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किमती घातल्या, तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या पूर्ण संचाला जीएसटी सोडून ५४,७२० रुपये आणि त्यातल्या वाटीच्या बटणाला ४,०९० रुपये अशी मर्यादा होती. त्यामुळे पाच अक्षांच्या मशीनवरच होणारा, रुग्णागणिक वेगळा आकार कागदावर कितीही देखणा असला तरी एवढ्या पैशांत बसवणं अवघड. घुमट साध्या सीएनसी लेथवर निघतो.

एक सूचना मनापासून: औद्योगिक दुकानातून आणलेला पॉलीचा रॉड मेडिकल ग्रेडचा नसतो. त्यातून काढलेल्या प्रत्येक नमुन्यावर ‘फक्त चाचणीसाठी’ असं कोरून ठेवा, आणि रिपोर्टमध्ये रॉडचा पुरवठादार व बॅच लिहा. गुडघ्याचं इम्प्लांट आपल्याकडे २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार क वर्गात मोडतं. माणसाच्या शरीरापर्यंतचा रस्ता परवान्यांचा आणि नियंत्रित चाचण्यांचा आहे, तो कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये धरू नका.